रस्त्यापलीकडची वाटी

बिरोबाच्या वाडीला दोन जिल्हे होते. वाडी उणीपुरी चाळीस उंबऱ्यांची, पण तिच्या मधून जो डांबरी रस्ता गेला होता तीच सातारा आणि सांगलीची हद्द. वरच्या अंगाची घरं माण तालुक्यात, खालच्या अंगाची आटपाडीत. वाडीतली कोंबडी दाणे टिपता टिपता सारखी जिल्हा बदलायची, आणि तिच्याकडे कुणी रहिवासी दाखला मागत नसे.

बनाबाई साताऱ्यात राहायची. तिची धाकटी जाऊ हौसाबाई रस्त्यापलीकडे, सांगलीत. बनाबाईला सासूकडून आलेला एक नेम होता. सकाळी बिरोबाला निवद दाखवायचा, आणि मग घरात जे असेल त्यातली एक वाटी आधी दुसऱ्या दाराला द्यायची. वाटी गेल्याशिवाय भाकरी मोडायची नाही. हौसाबाई ती वाटी कधी रिकामी परत धाडत नसे. काही नसलं तर चिंचेचं बुटूक, तेही नसलं तर मिठाची चिमूट. वाटी रिकामी गेली की घर रिकामं होतं, एवढं दोघींना ठाऊक होतं आणि त्याहून जास्त कळून घ्यायची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

मग शौनक आला. सांगलीच्या विश्रामबागेतला पोरगा, चष्मेवाला. देवळात पायताण काढून यायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा, पोरगं गुणाचं. त्यानं देवळात सभा घेतली आणि सांगितलं, "परदेशातल्या एका संस्थेला बघायचंय, गरीब देशांना पैसे दिले तर गरिबी खरंच कमी होते का. म्हणून वर्षभर सातारच्या बाजूच्या प्रत्येक घरात बाईच्या खात्यावर महिन्याला पैसे येतील. परत करायचे नाहीत. कशाला खर्च केले, तेही कुणी विचारणार नाही."

"आन् आमाला?" हौसाबाईनं विचारलं.

"तुम्हाला प्रश्न."

"कसलं प्रश्न?"

"काल किती वेळा जेवलात, घरात काय काय आहे, असले. दोन्ही बाजूंना तेच प्रश्न."

पंच नाथाजी सांगली बाजूचा. तो मिशीतल्या मिशीत हसला. "म्हंजे त्येनला पैसं, आन् आमी नुसतंच उपाशी हाय का न्हाई ते सांगायचं. झ्याक हाय रं गड्या!"

"फरक कळायला पाहिजे ना काका. चिठ्ठी टाकली, त्यात सातारा निघाला."

"चिठ्ठी कशाला टाकली? बिरोबाला कौल लावला आस्ता. त्येला दोनी जिल्हं सारकंच."

पहिले पैसे आले. बनाबाईनं म्हसवडच्या बाजारातून दुभती शेळी आणली. दुसऱ्या दिवशी वाटीत दूध गेलं, तिसऱ्या दिवशी गूळ गेला. हौसाबाईच्या घरी चहा पांढरा झाला. महिन्यानं शौनक टॅब घेऊन आला तेव्हा हौसाबाईनं अगदी खरं सांगितलं, "दूध हाय की. आक्का धाडती."

शौनक तसाच रस्ता ओलांडून बनाबाईकडे आला आणि ओट्यावर मट्कन बसला. "आजी, असं करू नका हो. तुम्ही वाटी दिलीत तर दोन्ही बाजू सारख्याच दिसणार. संस्था म्हणणार, पैसे देऊन काही फरक पडत नाही. मग सगळंच बंद."

"बंद हुईना. आदी कुटं हुतं?"

"आणि फरक दिसला, तर पुढच्या सालापासून पलीकडच्या घरांनाही मिळणार. हौसाकाकूंनाही."

इथं बनाबाईचा हात थांबला. हौसाबाईची लेक सोनम बारावी झाली होती. सांगलीला नर्सिंगला नंबर लागेल इतके मार्क होते, आणि फीचं नाव काढलं की तिचे वडील उठून मेंढरांकडे जात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पैसे उभे राहिले नाहीत तर पोरीचं लग्न उजवायचं, असं घरात ठरत आलं होतं.

"म्हंजे," बनाबाई सावकाश म्हणाली, "हौसीला मिळावं म्हणून मी हौसीला द्यायचं न्हाई?"

शौनकनं चष्मा पुसला. "एक वर्षच फक्त."

त्या रात्री बनाबाईनं बिरोबापुढं नाक घासलं आणि सकाळी वाटी बंद केली. पण नेम तो नेमच. वाटी गेली नाही, म्हणून भाकरी मोडली नाही. तिनं भगर शिजवली आणि शेंगदाण्याच्या आमटीबरोबर खाल्ली. दुसऱ्या दिवशी रताळं, तिसऱ्या दिवशी दूध आणि पुन्हा भगर. दुसऱ्या दाराचा वाटा मात्र तिला शिवता येईना. तो तिचा नव्हताच. रोज एक वाटी बाजरी ती कोपऱ्यातल्या कणगीत टाकी, आणि महिन्याच्या पैशातला पहिला वाटा लुगड्याच्या पदराला गाठ मारून ठेवी.

कोंडीबा, तिचा मालक, भाकरी कुस्करता कुस्करता म्हणायचा, "घरात पैसा आला आन् कारभारीण उपाशी. गरिबीत बरी जेवत हुतीस की गं!"

"आवं, गप जेवा. सोनीसाठी हाय."

हौसाबाई रस्त्याच्या त्या काठाला उभी राहून ओरडायची, "आक्का, घास तरी खा गं!"

"तू तिकडंच ऱ्हा. फरक पडू दी."

ही गोष्ट लपणार कशी? सातारा बाजूच्या प्रत्येक घराचं कुणी ना कुणी सांगली बाजूला होतं. कुणाची नणंद, कुणाची मावशी. बनाक्का उपाशी आणि आपण भाकऱ्या मोडायच्या, हे बायकांच्या जिवाला पटेना. पंधरा दिवसांत पैसे मिळणाऱ्या प्रत्येक घरातली बाई उपासाला लागली. घराघरांत एकेक कणगी बसली आणि पदराच्या गाठी जाड होत गेल्या. वाडीतल्या दुकानात बाजरी पडून राहिली आणि भगर संपली.

शौनक पुढच्या खेपेला आला.

"आजी, काल किती वेळा जेवलात?"

"येकदा बी न्हाई."

"परवा?"

"परवा बी न्हाई."

"अहो, पण भगर खाल्लीत ना? मग जेवण म्हणून सांगा."

बनाबाईनं त्याच्याकडं दयेनं पाहिलं. "बाळा, भगर जेवान आस्ती तर माज्या समद्या एकादशी मोडल्या आस्त्या की रं."

पोरगं प्रामाणिक. बाई जे बोलली तेच त्यानं टॅबमध्ये घातलं. पुढच्या घरी तेच, त्यापुढच्या घरीही तेच. रस्ता ओलांडून सांगलीत गेला तर तिथं सगळे दोन वेळा व्यवस्थित जेवत होते.

हे आकडे समुद्रापार पोचले आणि तिकडं मोठा हलकल्लोळ झाला. ज्यांना पैसे दिले ते उपाशी, ज्यांना नाही दिले ते जेवून खाऊन सुखी. म्हणे कुणीतरी असंही सुचवलं की, उरलेली वाडी तरी वाचवा, त्यांना चुकूनही पैसे देऊ नका. शेवटी खुद्द संस्थेच्या मॅडम आल्या. उंच, गोऱ्या, उन्हानं नाक टोमॅटोसारखं झालेलं. बर्फाच्या देशातून सरळ बिरोबाच्या वाडीत.

मॅडमनी शौनकच्या तोंडून विचारलं, "आम्ही पाठवलेल्या पैशानं तुमचं काय वाईट झालं?"

"वाईट कशानं हुईल?" बनाबाई म्हणाली. "शेळी आली. पर वाटी अडली."

मग तिनं सगळं सांगितलं. नेम, वाटी, सोनम, फरक. शौनक इंग्रजीत सांगत गेला आणि सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला. मॅडमनी कणगीत हात घालून मूठभर बाजरी काढून पाहिली. मग म्हणाल्या, "आता काय करायचं?"

"काय करायचं? वाटी जाऊ द्यायची."

बनाबाईनं दुधानं वाटी भरली. मॅडमनी हात पुढं केले, तेव्हा तिनं वाटी त्यांच्याच हातात दिली. मॅडम ती वाटी दोन्ही हातांत सांभाळत साताऱ्यातून सांगलीत गेल्या, आणि सगळी वाडी रस्त्याच्या दोन्ही काठांना उभी राहून बघत होती. हौसाबाईनं दूध ओतून घेतलं, वाटीत चिंचेचा गोळा ठेवला आणि ती परत मॅडमच्या हातात दिली. मॅडमना वाटलं, आपल्यालाच भेट दिली. त्यांनी डोळे पुसले आणि वाटी पिशवीत घातली. आता पाहुणीच्या हातातून वाटी ओढून कोण घेणार?

बनाबाईनं घरी येऊन बाजरीची भाकरी मोडली. कोंडीबा म्हणतो, इतकी भाकरी खाताना त्यानं तिला लग्नातही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी कणग्या फुटल्या. घराघरातली अडलेली बाजरी ट्रॅक्टरमध्ये भरून रस्ता ओलांडून गेली, आणि पदरांच्या गाठी देवळात बिरोबापुढं सुटल्या. नाथाजीनं कुणाचा वाटा कुणाला हे विचारायला तोंड उघडलं, पण सांगली बाजूच्या बायकांनीच त्याला गप केलं. त्या म्हणाल्या, आमच्यासाठी ज्या उपाशी राहिल्या त्या सोनीचं नाव घेऊन राहिल्या, तेव्हा आधी सोनीची फी. बाजरी बाजारात गेली, सोनम सांगलीला गेली.

संस्थेनं पैसे बंद केले. फरक कशामुळे पडला हे कळत नाही, असं त्यांनी कळवलं. शौनक फार खट्टू झाला. बनाबाईनं त्याला शेळीच्या दुधाचा चहा पाजला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

दिवाळीच्या सुमाराला पार्सल आलं. सोनम सुट्टीला आली होती, तिनं फोडलं. आत बनाबाईची वाटी, लख्ख घासलेली, आणि वाटीत कसलीशी तांबडी, सुकलेली फळं, बोराएवढीही नाहीत.

"रिकामी न्हाई धाडली," बनाबाई समाधानानं म्हणाली. तिनं चार दाणे बिरोबापुढं ठेवले आणि वाटी घेऊन आधी रस्ता ओलांडला. हौसाबाईनं एक दाणा तोंडात टाकला आणि तिचा चेहरा चिंचेहून वाकडा झाला.

"आगं आक्का, लय आंबाट गं! ह्यांच्यात बोरं बी धड पिकत न्हाईत का?"

"बर्फात काय पिकनार बिचारं."

मग हौसाबाई उठली आणि फडताळातला गूळ काढू लागली. बनाबाईनं शेंगदाण्याची पिशवी आणायला सोनमला पिटाळलं.

कोंडीबा रस्त्यात उभा होता. "काय चाललंय?"

"मडमच्या गावाला धाडतोय. लय हाल हायती तिकडं."

"आन् त्येनं त्येंची गरिबी हाटंल व्हय?"

"आवं, शेंगा निवडा," बनाबाई म्हणाली. "ते मोजायला शौनक हाय की."