घरातला आवाज

आमच्या सासूबाईंना ऐकू येत नाही. अगदीच नाही असं नाही, डाव्या कानाशी तोंड नेऊन बेंबीच्या देठापासून ओरडलं की पोचतं. कानातलं मशीन आणलं होतं. ते घातलं की डोक्यात गिरणी सुरू होते म्हणतात, आणि डॉक्टरही म्हणाले, नस गेलीय, मशीनचा उपयोग नाही. तेव्हा आम्ही ओरडायचो. चहा घेता का, गोळी घेतलीत का, गावाकडे कोणाची सून बाळंत झाली, सगळं ओरडून. हसणंही त्याच पट्टीत. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. तिथल्या मशिनांच्या धडधडीतही माझी हाक शेवटच्या टोकाला जाते, म्हणून सासूबाईंनी मला भोंगा नाव ठेवलंय. कौतुकानेच.

एक दिवस इमारतीचा मॅनेजर दारात उभा. गोड हसत. "खाली राहणाऱ्यांची दुसऱ्यांदा तक्रार आलीय. तुमच्याकडे एका म्हाताऱ्या बाईवर सारखं ओरडलं जातं. त्यांना काळजी वाटते."

काळजी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या देशात आमची भाषा कोणाला कळत नाही, त्यामुळे 'आई, अंघोळीचं पाणी काढलंय' हेसुद्धा त्या खालच्याला शिव्याच वाटणार. जिन्यात भेटला तर भिंतीकडे बघत उतरतो मेला. एवढी काळजी होती तर वर यायचं होतं, पाय मोडले होते का? नवऱ्याने मॅनेजरला समजावलं, तिला ऐकू येत नाही हो. मॅनेजरने मान हलवली, समजतं म्हणाला, आणि अजून एक तक्रार आली तर घर खाली करावं लागेल, हेही तितक्याच गोडीत सांगून गेला.

हे घर मिळवायला आम्ही किती उंबरे झिजवले ते आमचं आम्हाला ठाऊक. आमचे चेहरे दिसले की रिकामी घरं पटापट भाड्याने गेलेली असायची.

नवरा चष्म्याच्या दुकानात असतो. दिवसभर गिऱ्हाइकांशी हळू बोलून बोलून त्याला तेच सभ्य वाटायला लागलंय. त्याने फर्मान काढलं, घरात मोठ्याने बोलायचं नाही. आणि आईला यातलं काही कळू द्यायचं नाही, ती मनाला लावून घेईल. एक पांढरी पाटी आणली. तिच्यावर 'चहा' लिहून आईसमोर धरायची. 'गोळी' लिहून धरायची. पोरीला शाळेत शिकवलंय म्हणे, बाहेरचा आवाज मोठा, घरातला आवाज लहान. मी जरा तोंड उघडलं की ती ओठांवर बोट ठेवायची. अगं, आपल्या घरातला आवाज हाच होता ना!

आणि मजा बघा. आम्ही ओरडत होतो तेव्हा म्हणे आम्ही त्यांचे हाल करत होतो. आता त्यांच्याशी कोणी अवाक्षर बोलत नव्हतं, त्या दिवसभर खिडकीशी पुतळ्यासारख्या बसून असायच्या, तर सगळी इमारत खूश. खालचा जिन्यात चक्क माझ्याकडे बघून हसला. मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. पण मीही मूग गिळून गप्प बसले होते. त्याचा राग वेगळाच.

रविवारी दुपारी ताटं वाढली. नवऱ्याने नेहमीसारखी 'जेवण' लिहून पाटी नेली. सासूबाई खोलीतून बाहेर आल्या त्या हातात बॅग घेऊनच. अंगावर प्रवासाचं लुगडं.

"मला माझ्या बहिणीकडे सोडून ये," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच चढा. "तुम्हाला मी नकोशी झालेय. काय गुन्हा केला ते तरी सांगा. कुत्र्याशीसुद्धा माणूस दोन शब्द बोलतो रे."

नवरा पांढराफटक पडला. आणि काय करावं त्याने? पाटी पुसून 'तसं काही नाही' असं लिहायला घेतलं.

मी ती पाटी हिसकावली आणि फेकली. सरळ त्यांच्या डाव्या कानाशी गेले.

"आई! तुमचं काही चुकलेलं नाही! तो खालचा म्हणतो, आम्ही तुम्हाला छळतो! आणखी एक तक्रार गेली तर घर जाईल! म्हणून तोंडाला कुलूप लावलंय!"

पोरीचं बोट ओठांवर गेलं. नवरा "हळू, हळू" करत खिडक्या लावत सुटला.

"कोण छळतो म्हणतो?" सासूबाई कडाडल्या.

"खालचा!"

"त्याला काय करायचंय? आणि तो म्हणाला म्हणून तुम्ही मला जिवंतपणी पुरलंत?"

मला रडू फुटलं. रागाने.

तेवढ्यात बेल वाजली. खालचाच. पहिल्यांदाच वर आला होता. नवऱ्याने दार उघडलं, सवयीने मान खाली घातली, माफ करा म्हणायला तोंडही उघडलं. खालच्याने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. बॅग घेतलेली म्हातारी, रडणारी सून. झालं! पुरावाच मिळाला त्याला. मान हलवत तो जिन्याकडे वळला. आता तो कुठे जाणार ते आम्हाला सांगायला नको होतं.

नवरा दारातच उभा राहिला. दार सताड उघडं. मग त्याने मान वर केली, आणि लग्नानंतर मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडला. सगळा जिना घुमला.

"आई! बॅग ठेव खाली! जेवायला ये! तुझ्याशिवाय कोणी घास घेणार नाही!"

सासूबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. बॅग खाली ठेवली. डोळे पुसले.

"एवढं बोंबलायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "बहिरी आहे का मी?"

त्या पाटावर बसल्या. पोरीने ओठांवरचं बोट काढलं, आजीच्या कानाशी तोंड नेलं आणि जिवाच्या आकांताने किंचाळली, "आजी, मीठ दे!"