थ्रॅक्स्टनच्या चित्रातला कुत्रा

चर्चच्या फाटकाशी सहा जण उभे होते. डॉरीन विंटल समोरून येताना दिसली तसे सगळे बोलायचे थांबले.

खरं तर ती त्यांना घरी पाठवायलाच निघाली होती. ऑक्टोबरचा पहिला रविवार, लोअर विचॅम ते थ्रॅक्स्टन हाउस, पाच मैल, नेणार क्लिफर्ड विंटल, असा दर महिन्याच्या पायी सहलीचा कागद चर्चच्या दारात ऑगस्टपासून लावलेला होता. तो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला, क्लिफर्डला, जाऊन अठरा दिवस झाले होते. गवत कापायचं यंत्र दुरुस्त करता करता तो गॅरेजमध्ये खाली बसला, तो उठलाच नाही. डॉरीनला फक्त ‘आजचं रद्द’ एवढं सांगायचं होतं. पण निघताना तिने चिखलात चालायचे बूट घातले, त्याच्या कोटाच्या खिशातून वाटेची टिपणं काढून घेतली आणि फाटकाशी आल्यावर तिच्या तोंडून निघालं, “सगळे आले ना? चला मग.”

“अगं डॉरीन, तू कशाला...” बेरिलने सुरुवात केली. बेरिलने तीस वर्षं गावाचं पोस्ट सांभाळलं होतं आणि गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. शेजारी उभ्या नॉरिसने तिला कोपराने ढोसलं. नॉरिस गावचा जुना खाटीक, आता पंचाहत्तरीचा.

“चला म्हणतेय ना ती,” तो म्हणाला. “पाय आहेत ना तुला? मग हलव.”

सगळे निघाले. ओढ्यावरचा पूल, मग कुंपणावरच्या लाकडी पायऱ्या, मग ओलं गवत. डॉरीन पुढे चालत होती. मागून कुणी हवेबद्दल बोलत होतं, कुणी बटाट्यांना लागलेल्या किडीबद्दल. तिला सगळं नीट ऐकू येत होतं, पण त्यातलं काही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. हे गेले अठरा दिवस असंच चाललं होतं. परवा तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि अख्खा कप पिऊन झाल्यावर बरणीकडे पाहिलं. दफनाच्या दिवशी तिच्या बहिणीने तिला मिठीत घेऊन हुंदके दिले, तेव्हा बहिणीच्या कोटाचं एक बटण सुटायला आलंय, एवढंच तिच्या मनात आलं होतं.

दुसरं शेत संपलं तशी ती थांबली आणि टिपणं काढून मोठ्याने वाचू लागली. क्लिफर्डही असंच वाचायचा. “‘तिसऱ्या शेतात बैल असतो. डॉरीन घाबरते, म्हणून कडेकडेने.’”

कुणी हसलं नाही. बेरिलने रुमाल काढला.

बैल खरंच होता. शेताच्या मधोमध, तपकिरी, बसलेला. डॉरीनने पायऱ्या ओलांडल्या आणि सरळ त्याच्या रोखाने चालू लागली.

“ए पोरी!” नॉरिस मागून ओरडला. सत्तरीच्या आतल्या सगळ्या बायका त्याला पोरीच होत्या. “कडेने जा! बैल आहे तो, सोफा नव्हे!”

ती बैलापासून चार हातांवरून गेली. बैलाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, नाकपुड्यांतून वाफ सोडली आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. डॉरीन वाट पाहत होती, आता छाती धडधडेल, आता पाय लटपटतील. काही झालं नाही. चाळीस वर्षं ती या बैलाला, याच्या बापाला, आज्याला घाबरत आली होती आणि आता तेही राहिलं नव्हतं. पलीकडच्या फाटकाशी उभी राहून ती बाकीच्यांची वाट पाहू लागली. ते कुंपणाला चिकटून, काटेरी झुडपांतून वाट काढत येत होते.

बाराच्या सुमारास थ्रॅक्स्टनचं हरणांचं कुरण लागलं आणि लिंडनच्या झाडांच्या रांगेच्या टोकाला ते प्रचंड, पिवळसर दगडाचं घर दिसलं. लॉर्ड मंडळी आता मागच्या चार खोल्यांत राहत होती आणि बाकीचं घर तिकीट काढून लोकांना पाहायला खुलं होतं.

वरच्या मजल्यावरच्या लांब दालनात लायनेल एम्ब्लिन खुर्ची टाकून बसलेला असायचा. वय एक्क्याऐंशी. पगार नाही. आल्यागेल्याला चित्रांची माहिती द्यायची आणि चित्राला कुणी हात लावला की खेकसायचं. क्लिफर्डचं आणि त्याचं बारा वर्षांचं भांडण होतं. दालनाच्या शेवटी हिरव्या झग्यातल्या एका बाईचं चित्र होतं, तिच्या पायाशी पांढरा कुत्रा. क्लिफर्ड म्हणायचा, कुत्रा नंतर कुणीतरी दुसऱ्याने रंगवलाय, पंजे बघ, पंजे आहेत की मोजे? लायनेल म्हणायचा, अहो, आयुष्यभर नळ दुरुस्त केलेत तुम्ही, चित्रातलं काय कळतं तुम्हाला? दर ऑक्टोबरात दोघे त्या कुत्र्यासमोर अर्धा तास भांडायचे आणि बाकीचे तोवर चहा पिऊन यायचे.

आज लायनेल तिला पाहताच खुर्चीतून उठला. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात एक पाकीट होतं. ते त्याने लगेच बाहेर काढलं.

“मिसेस विंटल! या, या. कुठाय तो आमचा नळवाला?”

डॉरीन म्हणाली, “आज नाही आला. गुडघा धरलाय त्याचा.”

मागे सहाच्या सहा जण जागच्या जागी थिजले. बेरिलने तोंड उघडलं आणि आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच ते तसंच मिटलं.

“हात तिच्या!” लायनेल म्हणाला. “आजच कसा नाही आला? अहो, मे महिन्यात ते चित्र साफ करायला लंडनहून बाई आल्या होत्या. त्यांचं पत्र आलंय. कुत्रा मूळ चित्रानंतर साठ वर्षांनी रंगवलेला आहे. दुसऱ्याच कुणाचा हात. तोच बरोबर होता, बदमाश!” पाकीट हलवत तो हसत होता. “पोस्टाने नाही पाठवलं मी. म्हटलं, तोंडावर सांगायचं आणि त्याचं तोंड बघायचं. पाच महिने खिशात घेऊन फिरतोय. सांगाल त्याला?”

“सांगते,” डॉरीन म्हणाली.

खालच्या चहाघरात सगळे कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. स्कोनचे गोडसर पाव आले, जॅम आला, पण कुणी हात लावला नाही.

“मी वर जाऊन सांगून येतो,” नॉरिस शेवटी म्हणाला. “तू बस इथे. म्हाताऱ्याला बाहेरून कुणाकडून कळलं तर बरं दिसायचं नाही.”

“नको,” डॉरीन म्हणाली. “खोटं मी बोलले. मीच जाते.”

ती पुन्हा जिना चढली. दालनात आता कुणी नव्हतं. लायनेल चित्रासमोर हात पाठीमागे बांधून उभा होता.

“मिस्टर एम्ब्लिन, गुडघ्याचं खरं नव्हतं,” ती म्हणाली. “क्लिफर्ड गेला. सप्टेंबरात. हृदय बंद पडलं.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या पाकिटाकडे. चाचपडत मागची खुर्ची शोधून तो खाली बसला. “मेमध्येच पाठवायला हवं होतं,” तो म्हणाला. “एका तिकिटाचं काम होतं. मला मजा हवी होती, बाई. नुसती मजा हवी होती.” आणि तो रडू लागला, म्हातारी माणसं रडतात तसा, तोंड न झाकता.

डॉरीन त्याच्या शेजारी वाकली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. तो थंड होता. आपल्यालाही आता रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. “त्याला ठाऊकच होतं,” ती म्हणाली. “आपण बरोबर आहोत हे त्याला कायमच ठाऊक असायचं. माझ्याशी भांडतानासुद्धा.” लायनेल रडता रडता हसला आणि मग आणखी रडला. ती कुत्र्याच्या पंजांकडे पाहत राहिली. मोजेच होते ते.

दहा मिनिटांनी ती खाली आली. तिला भूक लागली होती. तिने दोन स्कोन खाल्ले, वर बेरिलचाही अर्धा खाल्ला.

परतीच्या वाटेवर बारीक पाऊस लागला. चार वाजता सगळे गावात पोचले. एकेक जण आपापल्या गल्लीकडे वळला. नॉरिस मात्र डॉरीनच्या फाटकापर्यंत आला.

“पुढच्या महिन्यात कोण नेणार?” त्याने विचारलं.

“माहीत नाही.”

“बरं,” नॉरिस म्हणाला. टोपीवरचं पाणी झटकून तो गेला. डॉरीन आत आली आणि पायातले बूट न काढता जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिली.