कपाटात ठेवलेला मोडेम

मी मोडेम बोलतोय. हो, तोच, दवाखान्याच्या खिडकीच्या गजाला दोरीनं बांधलेला! बोटाएवढा जीव माझा, पोटात एक सिमकार्ड. पण मूर्ती लहान म्हणून हसू नका.

आमच्या ताई इथल्या एकट्या नर्स. फ्रिजमध्ये बाळांच्या लसी. वीज कधी जाईल नेम नाही, आणि लस तापली की वाया गेली. त्यामुळे ताईंना कुठं हलता येईना. तिकडे शहरात आईचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं. तू आलीस तरच करून घेईन, असा आईचा हट्ट.

शेवटी ताईंचा धाकटा भाऊ मला घेऊन आला. त्यानं फ्रिजचं तापमान मोजणारी वायर एका पिटुकल्या कॉम्प्युटरला जोडली, त्याला बॅटरी दिली, शेजारी मला खोचलं. कॉम्प्युटर लिनक्सवर चालणारा, कामाला वाघ, पण पठ्ठ्यानं मला ओळखलंच नाही! माझ्या पोटात कंपनीनं चार फाइली भरून ठेवल्यात, त्या पाहून तो मला पेनड्राइव्ह समजला. असा राग आला म्हणून सांगू! भावानं काहीतरी टाइप केलं, तेव्हा कुठं स्वारीला उमगलं. मग आमची गट्टी जमली. ताईंच्या फोनवर पहिला निरोप गेला: फ्रिज ठीक आहे.

भाऊ परत गेला. ताईंना वस्तू जपायची भारी हौस. उंदीर कुरतडतील, कुणी उचलून नेईल, म्हणून त्यांनी आम्हा दोघांना रुमालात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलं. वर कुलूप! झालं, माझी बोलती बंद. लोखंडाआड रेंज कुठली? ऑपरेशन तोंडावर आलेलं, निरोप येईना. ताई रडकुंडीला आल्या, भावाला फोन लावला.

"ताई, ठेवलायस कुठं त्याला?"

"कपाटात. नीट जपून."

भाऊ पोट धरून हसला. मग त्यानं सांगितलं तशी ताईंनी लांब वायर लावली; प्लास्टिकची टोपी घालून मी खिडकीबाहेर आलो, आणि ताई आईकडे गेल्या.

ऑपरेशनच्या दिवशीच इथली वीज गेली. फ्रिज तापू लागला तसा मी निरोप धाडला. ताईंनी शिपाईकाकांना फोन केला, काकांनी जनरेटर लावला. एकही लस वाया गेली नाही.

ऊन, वारा, धूळ मला चालते. उद्या माझ्याहून चलाख मोडेम येईल, तेही चालेल. त्याला फक्त कुलपात घालू नका, एवढंच मागणं.

ताई परतल्यावर तिकडचं सगळं मी त्यांच्या तोंडून ऐकलं. आई एका डोळ्यावर पट्टी बांधून पडलेली, दुसऱ्या डोळ्यानं दिसत नव्हतंच. सारखी विचारायची, त्याचा निरोप आला का गं? ताई माझा निरोप वाचून दाखवायच्या. पट्टी सुटली आणि आईनं फोनसाठी हात पुढं केला.

"दे इकडं. आज मी वाचते."

आणि तिनं वाचलं, "फ्रिज ठीक आहे."