वरचा मजला विरुद्ध खालचा मजला

समन्स आलं तेव्हा खोकेवाल्या बाईंचे हात मनगटापर्यंत खळीने माखलेले होते. बेलिफाने कागद पुढे केला, पण तो धरायला त्यांच्याकडे एक कोरडं बोट नव्हतं. शेवटी दिराने सही करून कागद घेतला आणि पंचिंग मशीन थांबवून मोठ्याने वाचून दाखवला.

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी दावा लावला होता. तळमजल्यावरच्या मशीनच्या धक्क्यांनी आपल्याला काम करणं अशक्य झालंय, तेव्हा मशीन कायमचं बंद करण्याचा हुकूम व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मास्तर अकॉर्डियन दुरुस्त करायचे, त्यांचे सूर जुळवायचे. वादी ते आणि प्रतिवादी बाई.

बाई खुर्चीवर बसल्या त्या बसल्याच. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं त्या आणि दीर मिळून हा कारखाना चालवत होते. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, एक मशीन आणि पुठ्ठ्याचे गठ्ठे. चपलांची, चष्म्यांची, औषधाच्या बाटल्यांची खोकी त्या बनवायच्या. कुणाच्या अध्यात ना मध्यात. मास्तर तर सहा वर्षांचे शेजारी. जिन्यात भेटले की "काय ताई, बरं आहे ना?" विचारायचे. त्याच तोंडाने एक शब्द न बोलता माणूस थेट कोर्टात जातो, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

"गोड बोलून गळा कापला," दीर म्हणाला. त्याचा राग नाकाच्या शेंड्यावर. मास्तरांच्या रिकाम्या पेट्या जिन्याखाली पडलेल्या असतात, पुठ्ठ्याची गाडी आत घेताना दर वेळी त्या हलवाव्या लागतात, तेव्हा आपणही एक दावा ठोकू, असं त्याचं मत पडलं. बाईंना मात्र वेगळीच धास्ती होती. प्रतिवादी म्हणजे आरोपी, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं वकीलबाईंकडे गेले. वकीलबाईंचं ऑफिस छत्र्यांच्या दुकानावरच्या माडीवर होतं. फायलींचे ढीग एवढे, की एका खुर्चीवरून फायली उचलल्याशिवाय माणसाला बसता येत नव्हतं.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," बाई अपराध्यासारख्या म्हणाल्या.

"बरोबर म्हणतात," वकीलबाई म्हणाल्या. "पण समन्स आल्यावरही जो चढत नाही, तो त्याहून वेडा. तुम्ही गेलाच नाहीत तर कोर्ट एकट्या मास्तरांचं ऐकेल आणि निकाल एकतर्फी लागेल."

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. हा दिवाणी दावा. यात आरोपी कुणी नसतो, शिक्षाही नसते. एकजण म्हणतो माझा हक्क डावलला, दुसरा म्हणतो तसं नाही, आणि कोर्ट ठरवतं. आधी आपण लेखी उत्तर द्यायचं, त्याला कैफियत म्हणतात. मग वादाचे मुद्दे निघतात, पुरावे होतात, साक्षी होतात, उलटतपासणी होते. वर्षं किती जातील ते त्यांनी सांगितलं नाही, नुसतं फायलींच्या ढिगाकडे पाहिलं. दिराचा उलटा दावा ऐकून मात्र त्या हसल्या. असे दोन दावे म्हणजे एकाच भांड्यातलं दूध दोन चुलींवर तापवायचं, म्हणाल्या. दुसरी वाट होती मध्यस्थीची. दोघांची तयारी असेल तर न्यायाधीश मध्यस्थाकडे पाठवतात. मध्यस्थ निकाल देत नाही, फक्त बोलतं करतो. तिथे बोललेलं कोर्टात तुमच्यावर उलटत नाही. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर दावा आहे तिथून पुढे चालू.

"म्हणजे शरण जायचं?" दिराने विचारलं.

"शरण जायला समोरचा जिंकलेला असावा लागतो. अजून कुणीच जिंकलेलं नाही."

बाईंनी कैफियत द्यायला सांगितली आणि मध्यस्थीलाही होकार दिला. दोन दगडांवर पाय ठेवल्यासारखं त्यांना वाटत होतं, पण वकीलबाई म्हणाल्या, इथे तसंच उभं राहायचं असतं.

मध्यस्थीची खोली कोर्टाच्याच आवारात, मागच्या बाजूला होती. उंच खुर्ची नाही, पिंजरा नाही. एक गोल टेबल, पाण्याचा जग आणि निवृत्त न्यायाधीश असलेले एक हसतमुख म्हातारे गृहस्थ. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की वकिलांनी थोडा वेळ कानांनी काम करावं, तोंडाने नको.

मास्तर समोर बसले होते. इस्त्रीचा सदरा आणि उतरलेला चेहरा. बोलायची पाळी आली तेव्हा त्यांनी खिशातून एक छोटी डायरी काढली. आठ महिन्यांपासूनच्या तारखा तिच्यात होत्या. किती वेळा हात हलला, अकॉर्डियनमधली कुठली पट्टी वाया गेली, सगळं लिहिलेलं. बाई निमूट ऐकत होत्या. मग त्यांना राहवलं नाही.

"मास्तर, एकदा येऊन सांगायचं तरी. मी काय तुम्हाला परकी?"

मास्तरांनी मान वर केली. "तीन वेळा सांगितलं की. समोरासमोर मला भांडणाचं बोलता येत नाही. म्हणून चिठ्ठ्या लिहिल्या. सकाळी फिरायला जाताना तुमच्या शटरखालून आत सरकवल्या. तुम्ही एकीचंही उत्तर दिलं नाही."

"चिठ्ठ्या? कसल्या कागदावर?"

"चांगल्या जाड पुठ्ठ्यावर. नजरेत भराव्या म्हणून."

 बाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्याकडे रोज दोन पोती कातरण निघायचं. सकाळी शटर उघडलं की दीर आधी दाराशी पडलेले पुठ्ठ्याचे तुकडे झाडून पोत्यात भरायचा. मास्तरांच्या तिन्ही चिठ्ठ्या रद्दीच्या गाडीतून केव्हाच गावाबाहेर गेल्या होत्या.

मध्यस्थांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. पण त्यांना हसू लपवायला काहीतरी हवं होतं. मास्तरांनी डायरी मिटली. आठ महिने त्यांना वाटत होतं की ही बाई आपल्या चिठ्ठ्या वाचून फेकून देते. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो ताण बाईंच्या डोळ्यांदेखत सैल झाला. बाईंच्याही मनातली अढी सुटली, पण मशीन तर होतंच.

मध्यस्थांनी पुढची तारीख दिली आणि त्याआधी एक गोष्ट करायला सांगितली. खाली मशीन चालू ठेवायचं आणि बाईंनी तासभर वर जाऊन बसायचं.

बाई पहिल्यांदाच मास्तरांच्या खोलीत गेल्या. खिडकीशी टेबल, टेबलावर उघडलेलं अकॉर्डियन. आत पोलादाच्या पट्ट्यांची रांग होती, काही नखाएवढ्या. मास्तरांनी एक पट्टी वाजवली, बारीक कानशीने अगदी हलकेच घासली, पुन्हा वाजवली. केसभर जास्त घासलं तर सूर बिघडतो, आणि घासलेलं परत येत नाही, असं ते म्हणाले. तेवढ्यात खालून धाप्प झालं. ग्लासातलं पाणी थरथरलं, टेबल थरथरलं, कानशी जागेवरून सरकली. मास्तरांनी हात उचलून धरला आणि पुढच्या धक्क्याची वाट पाहिली. दोन धक्क्यांच्या मधल्या वेळात घासायचं, अशी त्यांनी सवय लावून घेतली होती.

बाई ऐकत होत्या, पण कानांपेक्षा तळपायांनी. आवाज एवढा नव्हता. हादरा खांबातून चढत होता. त्यांनी खोलीच्या कोपऱ्यातल्या खांबाला हात लावून पाहिला.

"पहिली तारीख कुठली आहे तुमच्या डायरीत?"

मास्तरांनी पान काढलं. तारीख ऐकून बाई जिन्यापाशी गेल्या आणि त्यांनी दिराला हाक मारली. तो वर आला, तारीख ऐकली आणि खाली बघायला लागला. त्याच आठवड्यात त्याने खिडकीचा उजेड मिळावा म्हणून मशीन कोपऱ्यात नेलं होतं आणि खांबाला खेटून फरशीत पक्कं ठोकलं होतं.

"उजेड चांगला येतो तिथे," तो पुटपुटला.

"येतो ना," मास्तर म्हणाले. "मलाही खिडकीशीच बसावं लागतं."

मशीन खांबापासून हलवल्यावर दिवा कुठे लावायचा, ते तिघांनी मिळून ठरवलं. त्या तासात कोर्टाचं नाव कुणी काढलं नाही.

पुढच्या बैठकीत लिहिण्यासारखं थोडंच उरलं होतं. मशीन खोलीच्या मधोमध येईल आणि खाली जाड रबर बसेल. दुपारी दोन ते पाच मशीन बंद, त्या वेळात डकवण्याचं काम. मोठी मागणी असली तर बाई आदल्या दिवशी मास्तरांना सांगतील, तोंडी. मास्तर जिन्याखालच्या पेट्या हलवतील आणि दावा काढून घेतील. दिराचा आग्रह होता की 'तोंडी' हा शब्द अधोरेखित करावा. मध्यस्थांनी तो केला.

तडजोड न्यायाधीशांपुढे गेली. त्यांनी दोघांना विचारलं, समजलंय ना, कुणी जबरदस्ती केली नाही ना? दोघांनी मान डोलावली. वकीलबाईंनी बाहेर आल्यावर समजावलं की हा कागद आता हुकुमासारखाच आहे, दोघांनाही बांधणारा. कुणी मोडला तर नव्याने दावा नको, या कागदावरच दाद मागता येईल. बाईंना ते बरं वाटलं. शेजाऱ्याचा शब्द तर झालाच, त्याला आता पाठीचा कणाही होता.

आता दुपारी मशीन थांबलं की बाई आणि दीर टेबलावर खोकी डकवत बसतात. वरून एकच सूर पुन्हा पुन्हा येतो, लांबट, किंचित थरथरणारा. थरथर कमी कमी होत जाते आणि एका क्षणी सूर सरळ होतो. बाईंना तो क्षण ओळखता यायला लागलाय.

"लागला," त्या म्हणतात.

"मला तर मघासारखाच वाटतो," दीर म्हणतो आणि खळीचं भांडं त्यांच्याकडे सरकवतो.