चाचांची बाटली

२००३ साली मजीदचाचा कुवेतहून कायमचे पूर्णगडला परतले आणि पडवीत वेगळे जेवू लागले. ताट वेगळं, पेला वेगळा. १९९१च्या लढाईत जळालेल्या रणगाड्यांचं भंगार त्यांनी तिथे वर्षानुवर्षं कापलं होतं. त्या लढाईतल्या गोळ्यांत युरेनियम होतं, असं कुणीतरी सांगितलं आणि चाचांच्या मनाने ते घेतलं. नात झारा रांगत पायाशी आली की हे उठून विहिरीकडे चालू लागायचे.

मी त्यांची पुतणी इरम. मुंबईच्या प्रयोगशाळेत मी हेच मोजते. शिवल्याने पोरीला काही होत नाही, हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला. शेवटी म्हटलं, तपासूनच दाखवते. युरेनियम थोडंफार सगळ्यांच्याच अंगात असतं, अन्नपाण्यातून आलेलं. प्रश्न एवढाच, की ते कुठलं? जमिनीतल्या युरेनियमात जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण ठरलेलं असतं. गोळ्यांसाठी वापरतात ते कारखान्यातून आलेलं, त्यात हलके कमी भरतात. चाचा-चाचींची लघवी आणि विहिरीचं पाणी, अशा तीन बाटल्या मी घेऊन गेले.

पाणी ठीक होतं. पण चाचा-चाचींच्या बाटल्या युरेनियमच काय, क्षारांपर्यंत तंतोतंत सारख्या निघाल्या. दोन माणसांचं असं कधी जुळत नाही. मी तडक गाव गाठलं. साबेराचाची मागच्या दारी मासे साफ करत होत्या.

"दोन्ही माझ्याच," मान वर न करता त्या म्हणाल्या. "त्यांच्यात काय निघालं तर ते पोरीला जन्मात घेणार नाय. मग मी काय करू?"

मी भांडायलाच आले होते, ते राहून गेलं. दारात चाचा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाटली दे," हात पुढे करून ते मला म्हणाले. "माझी मीच भरतो."

महिन्याभराने मी पुन्हा गेले. या खेपेला आकडे खरोखर वेगळे होते. चाचांच्या अंगात चाचींपेक्षा थोडं जास्तच युरेनियम होतं, पण जड-हलक्याचं प्रमाण अगदी विहिरीच्या पाण्यासारखं. मी सांगितलं, गोळ्यांचं काही नाही, रोज पिता त्या पाण्यातलंच आहे.

चाचांनी विहिरीकडे पाहिलं. उभं आयुष्य हा माणूस सुट्टीपुरता घरी येत होता.

"म्हणजे मी घरचाच," ते म्हणाले.

चाचींनी झाराला त्यांच्या मांडीवर ठेवलं. तिने दाढी घट्ट धरली, त्यांनी सोडवली नाही. त्या संध्याकाळी ते आत, आमच्यात जेवायला बसले. पडवीतलं ताट चाचींनी कोंबड्यांना देऊन टाकलं.