फक्कीची वाट

"सर, ही वाट आखायच्या आधी तुम्ही खाली वाकून बघितलं होतं का?"

विचारलं एकदाचं! माझ्या वर्गातल्या तनुजा आणि दीपमालानं माझ्याशी पैज लावली होती, की तुझ्यात एवढा दम नाय. जायकवाडीचे पक्षी दाखवायला गावातलेच गाईड तयार करायचे, म्हणून आमच्या शाळेच्या हॉलमध्ये प्रशिक्षण चाललंय. शहरातून आलेले सर पर्यटकांशी गोड कसं बोलायचं ते लई छान शिकवतात. पण धरणाचं पाणी मागं सरून उघड्या पडलेल्या गाळावर त्यांनी पांढऱ्या फक्कीनं पर्यटकांची वाट आखली, ती थेट टिटवीच्या अंड्यांवरून.

सर म्हणाले, शाळेच्या मुलींनी मागं बसून ऐकायचं.

तेव्हा चहा वाटणारी माझी आई बोलली. ती बारा वर्षं त्याच गाळावर खरबुजं लावते. खुरपताना अंडी दिसली, की तेवढा तुकडा तसाच सोडते. "साहेब, त्या फक्कीवर चार अंडी हैत. मातीच्याच रंगाची, पटकन दिसत नाय."

"ताई, तुम्ही चहाचं बघा."

सगळे हसले. शिकाऊ गाईडांत माझे पप्पाही होते. आई खरं बोलतेय हे त्यांना ठाऊक होतं. तरी हसले.

दुपारी सराव झाला. पप्पा गाईड, बाकीचे पर्यटक. वर टिटवी जीव तोडून ओरडत होती. सर म्हणाले, बघा, पक्षी स्वागत करतोय. पप्पा पर्यटकांकडं तोंड करून उलटे चालत होते, सरांनी शिकवलं तस्सं. त्यांच्या चपलेखाली कचकन वाजलं.

दोन फुटली. आईनं उरलेल्या अंड्यांना हात लावला नाही. पायानं फक्की पुसली आणि सगळ्यांना लांब उभं केलं. सरांनी तिला विचारलं, गाईडांच्या यादीत तुमचं नाव आहे का? कुठून असणार! एका घरातून एकच नाव चालतं, आणि ते पप्पांनी कुणाला न विचारता स्वतःचं घातलेलं.

संध्याकाळी पप्पा जेवेनात. चुकून झालं, चुकून झालं, एवढंच. आई म्हणाली, जाऊ द्या. मला नव्हतं जाऊ द्यायचं. मी वहीचा कागद त्यांच्यापुढं ठेवला.

"पप्पा, नाव बदलायचा अर्ज लिहिलाय, सही करा. उद्यापासून प्रशिक्षणाला आई बसणार. आणि आई, तू मधी 'नको' म्हणायचं नाय. माझं ठरलंय."