बाईसाहेबांसाठी आरडाओरडा

मृत्यू घराच्या उंबऱ्यावर येऊन बसला की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. आमच्या घरात त्या महिन्यात रोज सकाळी साडेसातला एक माणूस स्वयंपाकघराच्या दारातून "चोरटे! सटवे! पुन्हा तोंड घातलंस?" असं बेंबीच्या देठापासून ओरडत असे. तो माणूस मी.

मरणार होती ती आमची मांजर. वय नऊ, रंग पांढराशुभ्र, नाव बाईसाहेब. डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड उघडून पाहिलं आणि हळूच मिटलं. "जिभेखाली कॅन्सर आहे. महिना काढेल. दुखण्यावर औषध देते. जे खाईल ते पातळ करून द्या, उपाशी तेवढी जाऊ देऊ नका."

हे शेवटचं वाक्य बायकोनं मनावर घेतलं. मासा उकडायचा, काटे काढायचे, मिक्सरमधून दोनदा फिरवायचा. ती वाटी पुढे ठेवायची, मी शेजारी वाकून आर्जवं करायचो आणि बाईसाहेब तोंड फिरवायच्या. पाचव्या दिवशी वाटी चुकून ओट्यावर राहिली. बाईसाहेब कशाबशा वर चढल्या, आणि मी नऊ वर्षांच्या सवयीनं दारातूनच खेकसलो. त्यांनी मानही वर केली नाही. वाटी चाटूनपुसून साफ.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी दाढी-आंघोळ उरकून जवळ गेलो आणि म्हणालो, "खा गं, बाळा." बाळानं लाळ गाळत पाठ फिरवली.

"बघितलंत?" बायको म्हणाली. "जन्मभर चोरून खाल्लंय तिनं. वाढलेलं गोड लागत नाही. ओरडा तुम्ही."

"अगं, आजारी आहे ती."

"म्हणूनच ओरडा."

मग घराला शिस्त लागली. ओट्याला स्टूल लावायचं. वाटी तिथे 'विसरायची'. सासूबाईंनी भिंतीकडे बघायचं. बायकोनं नळ सोडायचा. मी दारातून ओरडायचं. पण तिची सुजलेली हनुवटी दिसली की माझा आवाज विरघळायचा, पाय ओट्याकडे वळायचे आणि जेवण बंद पडायचं.

"दारातच थांबा, जावईबापू," सासूबाई भिंतीला सांगायच्या. "दरारा लांबूनच पडतो. आमचे हे फाटकातून खाकरायचे."

रविवारी मी पारोसाच जवळ जाऊन लाडीगोडी लावली तरी ती खायची. रविवार तिलाही कळतो, असं बायकोनं ठरवून टाकलं.

तिसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या आणि सासूबाईंना बाजूला घेऊन कुजबुजल्या, "मावशी, खरं सांगा. तुम्हाला पोटभर मिळतं ना?"

"मिळतं हो," सासूबाई म्हणाल्या. "ओरडतात, पण मनानं चांगले आहेत."

तेव्हापासून वहिनी मला जिन्यात ओळख देत नाहीत.

महिना भरला. बाईसाहेबांना पाणीही जेमतेमच जाऊ लागलं. डॉक्टरीणबाई शेवटचं इंजेक्शन द्यायला घरी येणार होत्या. प्रसंग गंभीर म्हणून मी दाढी जास्तच घोटून केली. घसा मात्र पार बसला होता.

"थोडं खाऊ दे तिला," बायको त्यांना म्हणाली. "उपाशी नको जायला." मी ओट्यापाशी वाकून घोगरा "चोरटे" काढला. बाईसाहेबांनी पाठ फिरवली.

"सरका," म्हणत सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी अशी काही गर्जना केली की हातातलं स्टीलचं झाकण फरशीवर आपटलं. आम्ही सगळे दचकलो. बाईसाहेब ढिम्म.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या कानामागे दोनदा टाळी वाजवली. "बहिरी आहे ही. पांढऱ्या मांजरांत बऱ्याचदा असतं, जन्मापासूनच."

नऊ वर्षं आम्ही त्याला बाणेदारपणा समजत होतो.

"मग हे ओरडले की खायची कशी?" बायकोनं विचारलं.

"ओरडताना उभे कुठे राहायचे?"

"दारात."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या गालाजवळ नाक आणून हुंगलं. "दाढीनंतर लिंबाच्या वासाचं काहीतरी लावता. मांजरांना तो वास बिलकूल चालत नाही."

मी आत जाऊन दोनदा साबणानं तोंड धुतलं, बाहेर आलो आणि बोट वाटीत बुडवून तिच्यासमोर धरलं. तिनं हुंगलं. चाटलं. थांबत थांबत दीड चमचा खाल्लं आणि दुखरी हनुवटी माझ्या मनगटावर ठेवली. हाताला मुंग्या आल्या तरी मी तो हलवला नाही. मग डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं.

लोशनची बाटली अजून अर्धी भरलेली आहे. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोनंच दिलेली असल्यामुळे ती टाकता येत नाही.